डबा गप्प होण्याआधी

"मॅडम, तुमचा डबा परत गप्प झालाय बघा. मारला स्विच, झाला की सुरू. यायची काय गरज नाही, नुसतं कानावर घातलं."

पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मेंटेनन्स बघणारे मामा असा फोन करतात, तेव्हा त्यांना वाटतं आपण मॅडमची कागलची खेप वाचवली. मी "बरं मामा" म्हणते आणि फोन ठेवून कपाळाला हात लावते. स्विच मारला म्हणजे रॅममधला सगळा पुरावा गेला. चोरी झाल्यावर घर झाडून-पुसून लख्ख करून मग पोलिसांना बोलवावं, तसला प्रकार. मामांचा काही दोष नाही. बंद पडलेलं यंत्र बंद-चालू करणं हे कुणीही शहाणा माणूस करेल. त्यांच्या हातात दुसरं काही देणं हे माझं काम आहे, आणि हा आठवडा त्यातच चाललाय.

आधी डब्याविषयी. शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या गाळ्यात आम्ही इंडक्शन भट्टीसाठी एक नोंदणी यंत्र बनवतो. आत बीगलबोन ब्लॅक नावाचा छोटा संगणक-बोर्ड आहे: एएम३३५८ प्रोसेसर, एकच कोअर, १ गिगाहर्ट्झ, ५१२ एमबी रॅम, वर लिनक्स. त्यावर आमचं स्वतःचं एक कार्ड बसतं. ते आरएस-४८५वरून पॅनेलमधल्या मीटरशी मॉडबस या बोलीत बोलतं आणि एसपीआय या जोडणीवरच्या एडीसीतून (सेन्सरचा सिग्नल आकड्यात बदलणाऱ्या चिपमधून) कॉइलच्या थंड पाण्याचं तापमान नि प्रवाह दर मिलिसेकंदाला वाचतं. या एडीसीचा ड्रायव्हर, म्हणजे लिनक्सला तो वापरता यावा म्हणून लिहिलेला कोड, आमचा. पाणी थांबलं तर भट्टी ट्रिप करणारी यंत्रणा पूर्ण वेगळी आहे, ती लिनक्सवर अवलंबून नाही आणि कधी नसावीही. आमचा डबा फक्त लिहून ठेवतो. तो लिहायचा थांबतो, हीच तक्रार.

गाळ्यात थांबत नाही. भट्टीशेजारीच थांबतो, तेही कधीतरी, बहुधा रात्रपाळीत. म्हणजे तो थांबेल तेव्हा मी शेजारी नसणार. त्यामुळे कुठला डीबगर वापरायचा हा विचार नंतरचा. हे यंत्र मरताना काय काय बोलू शकतं आणि ते बोललेलं कुठे साठून राहील, याची सोय आधी लावायला हवी.

सुरुवात सिरियल कन्सोलपासून, म्हणजे लॅपटॉपवरून डब्याशी बोलायच्या तारेपासून. यात काही नवल नाही, पण निम्मा घोळ इथेच होतो. बोर्डावर जे-१ नावाचा सहा पिनांचा हेडर आहे. पहिली पिन ग्राउंड, चौथी रिसीव्ह, पाचवी ट्रान्समिट. केबल ३.३ व्होल्टचीच हवी. ५ व्होल्टची लावून बघू, चालतंय का, असला प्रयोग या प्रोसेसरवर करायचा नाही. केबलची लाल वायर आम्ही कापून टोकाला स्लीव्ह चढवतो, म्हणजे घाईत कुणी जोडायला नको. मग ११५२०० बॉड आणि फ्लो कंट्रोल बंद. लॅपटॉपवरच्या मिनीकॉम या सिरियल प्रोग्रॅममध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल बहुतेक वेळा आधीपासून चालू असतो. तो तसाच राहिला तर अक्षरं दिसतात पण टाइप केलेलं पोचत नाही, आणि माणूस अर्धा तास कीबोर्डला शिव्या देत बसतो.

फौंड्रीत आणखी एक भानगड आहे. भट्टी पूर्ण पॉवरवर असताना आसपासच्या प्रत्येक लोंबत्या वायरीत काहीतरी शिरतं. रिसीव्ह पिनवरची केबल लांब असेल किंवा दुसरं टोक मोकळं असेल, तर त्या गोंगाटातून बोर्डाला "अक्षरं" येतात. यू-बूट (लिनक्सच्या आधी चालून त्याला सुरू करणारा प्रोग्रॅम) सुरू होताना कुठलीही की दाबली तर थांबायचं असा नियम ठेवला असेल, तर असलं एखादं भुताचं अक्षर आलं की डबा बूटच होत नाही, प्रॉम्प्टवर उभा राहतो. बाहेरून बघणाऱ्याला ते कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, हँग झाल्यासारखंच दिसतं. म्हणून आम्ही यू-बूटला ठरावीक कीच मागायला लावली. अडकलेल्या कर्नललाही थेट हुकूम द्यायची सोय म्हणजे मॅजिक सिसआरक्यू. तिचंही तसंच. सिरियलवर ब्रेक (अक्षराहून लांब चालणारा एक खास सिग्नल) आला आणि पाठोपाठ एखादं अक्षर आलं की कर्नल त्याला हुकूम समजतो. गोंगाटात ब्रेक आपोआप तयार होऊ शकतो, आणि पुढचं अक्षर "बी" निघालं तर सरळ रीबूट. यासाठी कर्नलमध्ये सोय आहे: ब्रेकनंतर आपण ठरवलेला शब्द आल्याशिवाय सिसआरक्यू जागाच होत नाही. आम्ही एक शब्द ठेवलाय. तो इथे लिहीत नाही, पण अस्सल कोल्हापुरी आहे.

लॅपटॉप आणि डबा यांच्यात यूएसबी आयसोलेटर बसवलाय. लॅपटॉपच्या चार्जरचं अर्थिंग आणि पॅनेलचं अर्थिंग यांची गाठ पडू द्यायची नाही. यातली खोच अशी की साधे स्वस्त आयसोलेटर १२ मेगाबिटच्या वेगाचेच असतात. सिरियल केबलला तेवढं पुष्कळ झालं, पण पिनांवरच्या सिग्नलचे २४ मेगाहर्ट्झने नमुने घेणारा लॉजिक अॅनालायझर त्यातून चालत नाही. त्याला ४८० मेगाबिटचा मार्ग लागतो. म्हणून अॅनालायझर लावायचा तेव्हा आयसोलेटर काढायचा, चार्जरही काढायचा आणि बॅटरीवर काम करायचं.

आता खरा प्रश्न. डबा गप्प झाला, मी शेजारी आहे, सिरियल जोडलेली आहे. पहिल्यांदा काय करायचं?

ब्रेक पाठवायचा. ठरलेला शब्द, पुन्हा ब्रेक, मग "एल". उत्तर आलं तर मोठी बातमी: म्हणजे इंटरप्ट (हार्डवेअरने सीपीयूला मारलेल्या हाका) जिवंत आहेत, सीपीयू यूएआरटीचं, म्हणजे सिरियल पोर्टचं, ऐकतोय, आणि कुठल्या फंक्शनमध्ये अडकलाय ते समोर छापून येतं. मग "डब्ल्यू" पाठवलं की झोपून राहिलेली, कशाची तरी वाट बघत असलेली टास्क दिसतात, आणि लॉकडेप (लॉकवर नजर ठेवणारा कर्नलमधला तपास) चालू असेल तर "डी"ने कुणी कुठलं लॉक धरून ठेवलंय तेही. उत्तर नाहीच आलं, तर कुणीतरी इंटरप्ट बंद करून बसलंय, किंवा बसच (चिपच्या आतला डेटाचा रस्ता) अडकलीय. तपासाचे हे दोन पूर्ण वेगळे रस्ते आहेत आणि ते एका ब्रेकवर वेगळे होतात. आमच्याकडे डिप्लोमा करून आलेला एक पोरगा आहे. त्याला मी पहिल्या आठवड्यात हेच करायला लावलं. "ताई, जेटॅग कधी शिकवणार?" असं तो रोज विचारायचा. जेटॅग म्हणजे प्रोसेसरला बाहेरून थांबवून आत बघायची जोडणी. शिकवलं, पण नंतर.

मी शेजारी नसेन तेव्हाची सोय म्हणजे रॅमऊप्स. रॅमचा एक तुकडा डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय काय आहे ते कर्नलला सांगणाऱ्या फाईलमध्ये) राखून ठेवायचा. कर्नल त्याला दुसऱ्या कशासाठी हात लावत नाही, आणि पॅनिक झालं, म्हणजे कर्नलने स्वतःच हात टेकले, तर शेवटचा लॉग तिथे लिहितो. वॉर्म रीसेटनंतर (वीज न जाता झालेल्या रीसेटनंतर) रॅममधला मजकूर टिकला, तर पुढच्या बूटला तो पीस्टोर नावाच्या जागी फाईल म्हणून मिळतो. इथे दोन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली म्हणजे रीसेटनंतर यू-बूट मेमरी कंट्रोलर पुन्हा सुरू करतं, त्यात मजकूर शाबूत राहतो का, हे आपल्या बोर्डावर स्वतः करून बघायचं. दुसऱ्याचं चाललं म्हणून आपलं चालेल असं धरायचं नाही. आमच्याकडे टिकतो. तरी एखाददुसरा बिट हलला तर म्हणून चूक दुरुस्त करणाऱ्या ईसीसीचे १६ बाइट ठेवलेत.

दुसरी जास्त महत्त्वाची. नुसतं पॅनिकचं रेकॉर्ड ठेवून भागत नाही. सीपीयू इंटरप्ट बंद करून गोल गोल फिरत राहिला तर पॅनिक होतच नाही, त्यामुळे ते लिहिलंही जात नाही. त्यासाठी रॅमऊप्सचा कन्सोलचा भाग चालू करावा लागतो. कन्सोलवर जे जे छापलं जातं ते जातंय तसतसं तिकडे उतरत राहतं, शेवटच्या ओळीपर्यंत. बरेच जण पहिला भाग चालू करून निर्धास्त होतात.

मग वॉचडॉग. डबा अडकला की हार्डवेअर वॉचडॉग ६० सेकंदांनी रीसेट मारतो. फौंड्रीला ते सोयीचं, मला अडचणीचं, पण तो बंद ठेवून डबा शेतकऱ्याच्या पंपासारखा वाऱ्यावर सोडता येत नाही. मग बाकीच्यांच्या वेळा त्याच्या आत बसवायच्या. सॉफ्ट लॉकअप (एकच काम सीपीयू सोडत नाही अशी अवस्था) ओळखणारा पहारेकरी मुळात २० सेकंदांवर असतो, तो बसतो. त्याला ओळखल्या ओळखल्या पॅनिक करायला सांगितलं, म्हणजे रेकॉर्ड लिहिलं जाईल. पण अडकून पडलेली टास्क शोधणारा १२० सेकंद वाट बघतो. वॉचडॉगला "मी जिवंत आहे" असं सांगत थोपटणारी प्रक्रियाच अडकली असेल, तर याला जाग येण्याआधी रीसेट होऊन गेलेला असतो. तो ३०वर आणला. हे आकडे कर्नलमध्ये आपापल्या जागी अगदी बरोबर आहेत. एकत्र मांडून बघितल्याशिवाय त्यांचा आपसातला गोंधळ दिसत नाही.

आणि मामांसाठी डब्यावर एक चिकटपट्टी: "गप्प झाला तर स्विच मारू नका. दोन मिनिटं थांबा. आपोआप सुरू होईल." स्विच नको तो यासाठी की वीज गेली तर रॅमऊप्सचा काही उपयोग नाही. मामांनी फोनवर विचारलं, "आणि दोन मिनिटांनी नाही झाला तर?" तर फोन करा. "रात्री तीनला?" हो, तीनला पण. मामा हसले. "तीनला मी करीन ओ. तुम्ही उचला म्हणजे झालं."

सगळ्यात कंटाळवाणी आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची तयारी म्हणजे व्हीएमलिनक्स जपून ठेवणं. बोर्डावर जाते ती दाबलेली, नावं-गावं काढून टाकलेली झेडइमेज. डीबगची माहिती असलेली मोठी फाईल, म्हणजे व्हीएमलिनक्स, आपल्या मशीनवर राहते, आणि पुढच्या बिल्डला तिच्यावर दुसरी बसते. ऊप्समध्ये, म्हणजे कर्नल चुकल्यावर छापतो त्या अहवालात, आलेला पत्ता कुठल्या फाईलच्या कुठल्या ओळीचा, हे तीच सांगते. फाईल दुसऱ्याच बिल्डची असेल तर टूल कुरकुर करत नाही. तितक्याच ठामपणे चुकीची ओळ दाखवतं, आणि त्या ओळीतही काहीतरी संशयास्पद सापडतंच. कारण संशय घेऊन बघितलं तर कुठलाही कोड संशयास्पदच दिसतो.

म्हणून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक बिल्डबरोबर एक फोल्डर ठेवते: व्हीएमलिनक्स, सिस्टम मॅप, कॉन्फिग, डिव्हाइस ट्री आणि आमच्या मॉड्यूलची न छाटलेली प्रत. फोल्डरचं नाव म्हणजे गिटचा हॅश (कोडच्या त्या आवृत्तीची खूण), आणि तोच हॅश कर्नलच्या व्हर्जनला आपोआप चिकटेल अशी सोय कॉन्फिगमध्ये चालू. मग मामांनी फोनवर स्क्रीनचा फोटो पाठवला तरी कुठलं फोल्डर उघडायचं ते कळतं. डीबग माहिती चालू ठेवल्याने बोर्डावरची इमेज जड होईल अशी भीती असते. ती माहिती तिकडे जातच नाही. जड होते ती आपली हार्डडिस्क, आणि डिस्क स्वस्त आहे.

छापण्याबद्दल. ड्रायव्हरमध्ये प्रिंटकेच्या, म्हणजे कर्नलमधून संदेश छापायच्या, ओळी टाकणं हा सगळ्यांचा पहिला उपाय. गणित करून बघा. ११५२०० बॉडला एका अक्षराला १० बिट धरले तर सेकंदाला ११,५२० अक्षरं. ८० अक्षरांची एक ओळ म्हणजे जवळपास ७ मिलिसेकंद. आमचा एडीसी दर मिलिसेकंदाला इंटरप्ट देतो. त्यात एक ओळ छापली तर सात नमुने गेले, आणि आता जे दिसतंय ते मूळ दुखणं की माझ्या ओळीचं दुखणं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. म्हणून इंटरप्टमध्ये प्रिंटके नाही. ट्रेस प्रिंटके रॅममधल्या बफरात लिहितो, त्याला सिरियलची वाट बघावी लागत नाही. त्याहून हलकं हवं असेल तर कोडमधून वर-खाली करता येणारी एक मोकळी जीपीआयओ पिन: इंटरप्टमध्ये शिरताना वर, बाहेर पडताना खाली, आणि दुसऱ्या टोकाला लॉजिक अॅनालायझर. अॅनालायझरच्या पल्सव्ह्यू या प्रोग्रॅममध्ये तो चौकोनी पट्टा बघत बसायला मला मनापासून आवडतं. एखादा खांब मध्येच रुंद झाला की नजर तिथे आपोआप थांबते.

याच कारणासाठी दोन कर्नल सोबत घेते. एक "बोलका": लॉकडेप, झोपायची मुभा नसलेल्या (अॅटॉमिक) कोडमध्ये झोपणाऱ्याला पकडणारा तपास, स्लबचे, म्हणजे मेमरी वाटपाचे, तपास, सगळं चालू. हा हळू चालतो, आणि हळू चालल्यामुळे वेळेवर अवलंबून असलेला बग त्यात लपून बसू शकतो. दुसरा "गुपचूप": ग्राहकाकडे आहे तोच, फक्त रॅमऊप्स आणि वर सांगितलेल्या वेळा धरून. बोलक्यात काही सापडलं नाही म्हणून ड्रायव्हर निर्दोष ठरत नाही.

केजीडीबी या कर्नल डीबगरबद्दल विचारणारे असतात. लिनक्समध्ये तो बराच उशिरा आला. लिनक्सचे जनक लायनस टॉरवल्ड्स यांचा कर्नल डीबगरला असलेला विरोध जगजाहीर होता. शेवटी २००८ साली २.६.२६ या आवृत्तीत तो मुख्य कोडमध्ये आला. गाळ्यात, टेबलावर, ड्रायव्हरचं प्रोब (हार्डवेअर सापडल्यावर पहिल्यांदा चालणारं) फंक्शन पावलापावलाने बघायला तो छान आहे. पण फौंड्रीत मी त्याच्यावर भिस्त ठेवत नाही. तो चालायला सिरियलचा इंटरप्ट लागतो, आणि इंटरप्टच बंद असतील तर त्याला उठवणार कोण? वर वॉचडॉग चालू असेल तर ब्रेकपॉइंटवर आपण विचार करत बसलेलो असताना ६० सेकंद संपतात.

तिथे जेटॅग. हे मानक १९९० सालचं, आणि मुळात बोर्डावरचे सांधे नीट झाळलेत का हे तपासायला केलेलं. प्रोसेसर थांबवून त्याच्या पोटात बघायची सोय त्याच चार तारांवर नंतर आली. आमच्या बोर्डाच्या खालच्या बाजूला त्याची २० पिनांची जागा आहे, कनेक्टर आपला आपण बसवायचा. पिनांमधलं अंतर १.२७ मिलिमीटर. हे झाळकाम माझ्या वडिलांनी केलं. पन्नास वर्षं लेथवर काढलेला हात. भिंग लावून, एकही सांधा दुसऱ्याला न चिकटवता. "यात काय मोठं?" म्हणाले, आणि चहा मागितला.

जेटॅग चालवणाऱ्या ओपनओसीडी या प्रोग्रॅममध्ये या बोर्डाची कॉन्फिग तयार मिळते. हॉल्ट म्हटल्यावर प्रोसेसर थांबला तर प्रोग्रॅम काउंटर (सीपीयू कोडच्या कुठल्या पत्त्यावर आहे ते) वाचायचा आणि जपून ठेवलेल्या व्हीएमलिनक्समध्ये ती ओळ शोधायची. हॉल्टही मानला नाही, तर एखादा व्यवहार बसवर लटकलाय असा माझा अंदाज पहिला जाईल. माझा संशय असाही थोडा तिकडेच आहे. या प्रोसेसरमध्ये ज्या भागाचं क्लॉक बंद आहे त्याचं रजिस्टर वाचायला गेलं की "एक्स्टर्नल अॅबॉर्ट" येतो, म्हणजे बस तो व्यवहार नाकारते, आणि आमचा ड्रायव्हर वीज वाचवायला मधूनमधून एसपीआय झोपवतो. झोपवणं आणि इंटरप्ट येणं एकाच वेळी झालं तर? पण हा संशय आहे. त्यावर कोड बदलून मोकळं व्हायचं नाही, असं मी स्वतःला बजावलंय.

वेळेचं एक राहिलं. बीगलबोनवर बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. नेटवर्क नसेल तर बूटनंतर डबा कुठल्यातरी जुन्या तारखेत जगतो, आणि कर्नलच्या लॉगमध्ये तर बूटपासूनचे सेकंदच असतात. फौंड्रीत मात्र प्रत्येक हीटची (भट्टीच्या एका घाण्याची) वेळ रजिस्टरला असते: पॉवर कधी दिली, मेटल कधी ओतलं, क्रेन कधी आली. ही दोन पानं शेजारी ठेवता आली पाहिजेत. म्हणून कार्डावर डीएस३२३१ घड्याळ बसवलं, आणि लॅपटॉपवर ग्रॅबसिरियल या टूलने प्रत्येक ओळीला वेळ लावली. मामांना विनंती केली की रजिस्टरमध्ये पॅनेलच्या घड्याळाची नाही, मोबाईलची वेळ लिहा. पॅनेलचं घड्याळ बरंच मागे आहे आणि ते कुणी लावत नाही.

काल आणि आज गाळ्यात रंगीत तालीम झाली. लिनक्समध्ये एलकेडीटीएम नावाचं एक मॉड्यूल आहे, त्याचं कामच कर्नल पाडणं. हवा तो अपघात मागायचा. पॅनिक मागितलं: पुढच्या बूटला पीस्टोरमध्ये पूर्ण रेकॉर्ड. सॉफ्ट लॉकअप मागितला: विसाव्या सेकंदाच्या पुढे-मागे पॅनिक, रेकॉर्ड हजर. अडकलेली टास्क: तिसाव्या सेकंदानंतर नावासकट. शेवटी हार्ड लॉकअप, म्हणजे इंटरप्ट बंद करून अनंत फेरे. ब्रेकला उत्तर नाही, अपेक्षेप्रमाणे. वॉचडॉगने रीसेट मारला आणि कन्सोलच्या फाईलमध्ये शेवटच्या ओळीपर्यंत सगळं मिळालं. दुसऱ्या खेपेला वॉचडॉग सुरूच न करता जेटॅगने हॉल्ट केलं, आणि प्रोग्रॅम काउंटर बरोबर त्या फेऱ्यातल्या फंक्शनवर निघाला. पोरगा टेबलावर हात आपटून "नाद खुळा" म्हणाला. त्याच्या धक्क्याने जेटॅगची केबल निघाली.

ती केबल आता झिपटायने बांधायची आहे. भट्टीला पॉवर रात्री साडेदहाला देतात, त्याआधी दोन्ही कर्नलची एसडी कार्डं एकदा बूट करून बघते आणि निघते.